गुडघा बदललाय? मग हलतं कसं राहायचं, अगदी पहिल्या दिवसापासून

गुडघ्याचं ऑपरेशन झालं की घरी दोन प्रकारची माणसं भेटायला येतात. एक म्हणतात आता महिनाभर अजिबात उठू नका, पडून राहा. दुसरे म्हणतात माझ्या नात्यातले एक जण दहाव्या दिवशी दोन किलोमीटर चालत होते, तुम्ही अजून वॉकरवरच? दोघांचंही ऐकू नका. आईचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा तिच्या फिजिओने, म्हणजे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने, जे सांगितलं आणि पुढे घरात जे रोज करून बघितलं त्यावरून हे लिहितेय, कारण ऑपरेशनची माहिती भरपूर मिळते पण घरी आल्यावर दिवसभर नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही.

आधी एक स्पष्ट करते. हे सगळं नी रिप्लेसमेंटबद्दल आहे, म्हणजे सांधा बदलण्याबद्दल. लिगामेंटचं (हाडं जोडणाऱ्या पट्ट्याचं) ऑपरेशन झालं असेल किंवा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) शिवलं असेल तर पायावर वजन किती टाकायचं आणि गुडघा किती वाकवायचा याच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्यांनी आपल्या सर्जनचा कागद बघूनच करावं. आणि इथलं काही तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या विरुद्ध वाटलं तर डॉक्टरांचंच खरं.

माझं मुख्य म्हणणं एवढंच की ॲक्टिव्ह राहायचं म्हणजे खूप चालायचं असं नाही. सुरुवातीच्या दीड महिन्यात गुडघ्याकडून तीन कामं करून घ्यायची असतात, तो पूर्ण सरळ व्हायला हवा, पुरेसा वाकायला हवा आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा व्हायला हवा. हा स्नायू ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात निम्म्याच्या आसपास ताकद गमावतो, म्हणून पाय आपला नसल्यासारखा वाटतो, उचलता उचलत नाही. नुसतं चालून ती ताकद परत येत नाही, त्यासाठी वेगळे व्यायाम लागतात आणि ते एकदम तासभर नाही तर दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे.

ऑपरेशनच्या आधीच घर तयार करा

तारीख मिळाली की लगेच. हॉलमधली सतरंजी, पायपुसणी, लोंबणाऱ्या वायरी सगळं उचलून ठेवा, वॉकर त्यात अडकतो. हात असलेली, बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत इतकी उंच खुर्ची लागेल, सोफा बहुतेक घरात फार खोल असतो आणि त्यातून उठणं पहिले काही दिवस अशक्यच. गादी जमिनीवर असेल तर पलंगाची सोय करा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्ची घ्या, सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, बऱ्याच ठिकाणी भाड्यानेही मिळते, आणि कमोड असला तरी बुटका असेल तर त्यावर बसवायचं उंच सीट मिळतं ते घ्या. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि भिंतीला घट्ट बसवलेला दांडा हवाच, टॉवेलच्या रॉडला धरून उठायला जाऊ नका, तो माणसाचं वजन घेण्यासाठी नसतो. रात्री बाथरूमपर्यंत छोटा दिवा चालू राहील असं बघा.

आणि व्यायाम आधीच शिकून घ्या. दुखत नसताना शिकलेलं ऑपरेशननंतर पटकन आठवतं.

हॉस्पिटलमधले दिवस

आजकाल ऑपरेशनच्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात, वॉकर धरून चार पावलं चालवतात. घाबरू नका, नवा सांधा वजन घ्यायला तयार असतो. तिथे असेपर्यंत फिजिओकडून तीन गोष्टी स्वतः करून बघून घ्या, पलंगावरून उठणं, वॉकरने चालणं आणि जिना. घरातलं जे माणूस सोबत राहणार आहे त्यानेही बघावं, मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तम.

वॉकरची उंची तिथेच लावून घ्या. सरळ उभं राहून हात सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. क्रम असा की आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. पाऊल टाकताना टाच आधी टेकवायची आणि पाय उचलताना गुडघा थोडा वाकू द्यायचा, खूप जण पाय काठीसारखा कडक धरून ओढत चालतात आणि मग तीच सवय लागते. उठताना वॉकरला धरून स्वतःला ओढू नका, तो उलटतो, खुर्चीच्या हातांवर जोर द्या आणि उभं राहिल्यावर वॉकर धरा.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे

हाच काळ सगळ्यात अवघड. सूज, ठणका, झोप नाही, भूक नाही, आणि मनात सारखं येतं की उगाच केलं का ऑपरेशन. असं बहुतेकांना वाटतं आणि ते जातं. घरच्यांनी या दिवसात रागावू नये, फक्त वेळेवर गोळी, वेळेवर बर्फ आणि वेळेवर व्यायाम एवढं धरून ठेवावं.

सहन होत नाही इतकं दुखेपर्यंत पेनकिलर थांबवून ठेवू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळी घ्या आणि शक्य असेल तर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधीची वेळ साधा. काही पेनकिलरने पोट साफ होत नाही, मग पाणी, पपई, ताक, भाज्या, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर ते एकही चुकवायचं नाही.

आता व्यायाम.

पहिला, पावलं वरखाली. पलंगावर पडल्या पडल्या दोन्ही पावलं स्वतःकडे ओढायची आणि पुढे ढकलायची, वीसेक वेळा, जागे असताना दर तासाला. दिसायला अगदी साधा पण पोटरीतलं रक्त पुढे ढकलायचं काम करतो, आणि ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो त्यासाठी हा महत्त्वाचा.

दुसरा, गुडघा खाली दाबणं. पाय सरळ ठेवून गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, मांडी आवळली गेली पाहिजे आणि गुडघ्याची वाटी किंचित वर सरकलेली दिसली पाहिजे, पाच मोजेपर्यंत धरा आणि सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला मांडी हलतच नाही असं वाटेल, तरी मनाने आदेश देत राहा, दोन-तीन दिवसात हलायला लागते. श्वास रोखून धरू नका, मोठ्याने आकडे म्हणा म्हणजे आपोआप रोखला जात नाही.

तिसरा, सरळ करणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा अधांतरी सोडायचा, तो आपल्याच वजनाने खाली जातो. पाच मिनिटं, जमेल तसं दहा. हा व्यायाम सगळ्यात कमी जण करतात कारण दुखतो आणि त्यात काही घडतंय असं दिसत नाही. भेटायला येणारे विचारतात किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का हे कुणी विचारत नाही. पण गुडघा थोडा जरी वाकलेला राहिला तर माणूस कायमचा लंगडतो, मांडी लवकर थकते आणि कंबर दुखायला लागते. म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी नाही. उशी ठेवायची तर टाचेखाली किंवा पूर्ण पोटरीखाली. घरातली प्रेमळ माणसं हळूच गुडघ्याखाली उशी सरकवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

चौथा, वाकवणं. पलंगावर टाच हळूहळू ढुंगणाकडे सरकवायची, थांबायचं, परत सरळ. खुर्चीत बसून सोपं पडतं, पावलाखाली फडकं ठेवायचं आणि फरशीवरून पाऊल मागे सरकवत न्यायचं, जिथे ताण येईल तिथे पाऊल तसंच ठेवून कंबर जरा पुढे सरकवायची म्हणजे अजून थोडा वाकतो. तिथे अर्धा मिनिट थांबा. ओढल्यासारखं दुखणार, डोळ्यात पाणीही येईल, पण कळ चिरत गेल्यासारखी तीव्र असेल तर थांबा. दोन आठवड्यांच्या आसपास काटकोनापर्यंत, म्हणजे ९० अंश, वाकावा अशी साधारण अपेक्षा असते.

पाचवा, पाय सरळ उचलणं. दुसरा पाय वाकवून ठेवायचा, ऑपरेशनचा पाय कडक सरळ करून फूटभर उचलायचा, पाच मोजायचे, हळू खाली आणायचा. उचलताना गुडघा लचकत असेल तर अजून वेळ आहे, आधी गुडघा खाली दाबायचा दुसऱ्या क्रमांकाचा व्यायाम वाढवा.

व्यायामानंतर बर्फ. पातळ टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. तेव्हा पाय छातीपेक्षा उंच ठेवला तर सूज लवकर उतरते. आपल्याकडे लगेच गरम शेक आणि तेलाचं मालिश सुचवतात, या काळात दोन्ही नको. शेकाने सूज वाढते, जखम भरलेली नसते, आणि पोटरीत गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं. मालिश करणारा कितीही अनुभवी असला तरी त्याला थांबवा.

चालणं किती? घरातल्या घरात, दर तास-दीड तासाला उठून पाच मिनिटं. सकाळी एकदाच अर्धा तास चालून मग दिवसभर पडून राहणं याच्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. पाय खाली लोंबकळत ठेवून सलग तासभर टीव्ही बघत बसू नका, पावलावर सूज येते.

टाके किंवा स्टेपल साधारण दोन आठवड्यांनी काढतात, तोपर्यंत जखम कोरडी ठेवा. अंघोळीला उंच स्टूलवर बसा आणि वॉटरप्रूफ ड्रेसिंग आहे का हे आधी विचारा, नसेल तर अंग पुसून घ्या. डायबेटिस असेल तर शुगर या दिवसात रोज बघा, शुगर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि इन्फेक्शनची भीती वाढते. आणि खाणं सोडू नका, स्नायू भरून यायला प्रोटीन लागतं, डाळ, उसळी, पनीर, दही, अंडी, चालत असेल तर मासे. नुसता मऊभात आणि सूप यावर महिना काढला तर ताकद येणार कुठून.

जिना

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एका पायरीवर दोन्ही पाय आणायचे, मग पुढची. कठड्याला एक हात, दुसऱ्या हातात काठी, आणि सोबतचा माणूस चढताना मागे, उतरताना पुढे. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर जो पाय जास्त भक्कम वाटतो तो चांगला समजायचा. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर पहिले काही दिवस उगाच खालीवर करू नका, दिवसातून एकदा फिजिओसमोर चार पायऱ्या पुरे.

तीन ते सहा आठवडे

आता वॉकर सुटून काठी येते. काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे उजवा गुडघा असेल तर डाव्या हातात. बरेच जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, त्याने शरीर एका अंगाला कलतं. काठी लवकर सोडायची घाई करू नका, लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चाललेलं बरं.

स्वयंपाकघरातला ओटा या काळात फार कामाचा. ओट्याला दोन्ही हात धरून टाचा वर उचलायच्या, मग थोडंसं खाली बसल्यासारखं करून परत वर यायचं, अगदी तीस-चाळीस अंश, मग एक एक पाय मागे वाकवायचा. प्रत्येक दहा वेळा. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं यासाठी दहा-पंधरा मिनिटं उभं राहायला हरकत नाही, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून. आईला स्वयंपाकघरात परत उभं राहता आलं तेव्हा तिचा चेहरा बदलला होता, म्हणून घरच्यांना सांगेन की सगळी कामं हातातून काढून घेऊ नका, बसून निवडणं-टिपणं आणि उभं राहून थोडं काम हे मनालाही लागतं.

स्थिर सायकल मिळाली तर फार छान. सीट उंच ठेवा आणि आधी पूर्ण फेरी मारायच्या मागे लागू नका, पेडल नुसतं पुढेमागे झुलवा, मग उलटी फेरी, मग सुलटी. रेझिस्टन्स शून्य. ज्या दिवशी पहिली पूर्ण फेरी बसते त्या दिवशी गुडघा बऱ्यापैकी सैल झालाय असं समजा.

बाहेर चालणं सोसायटीच्या आवारातून सुरू करा, सपाट जागा, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट, घसरणाऱ्या सपाता नकोत. पावसाळा असेल तर ओल्या फरशीवर आणि शेवाळावर जायचंच नाही, पार्किंग किंवा जिन्याबाहेरचा पॅसेज चालेल. वेळ पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी थोडी वाढवा.

किती केलं ते बरोबर की जास्त, हे ओळखायची सोपी खूण. रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघा. थोडा कडक असेल पण हलवल्यावर सुटत असेल तर ठीक. आदल्या दिवसापेक्षा स्पष्ट जास्त सुजलाय, गरम आहे, रात्रभर ठणकला, तर काल जास्त झालं, आज चालणं निम्मं करा, बर्फ वाढवा, पण वाकवणं-सरळ करणं बंद करू नका. पूर्ण विश्रांती घेतली की दोनच दिवसात आखडतो.

सहा आठवड्यांपर्यंत वाकणं ९० अंशांपाशीच अडून बसलं असेल तर घरी जोर लावत बसू नका, सर्जनला दाखवा. काही वेळा भूल देऊन गुडघा वाकवून सैल करतात आणि ते लवकर केलं तर फायदा होतो, उशीर झाला की आतले चिकटलेले भाग घट्ट होत जातात.

गाडी आणि प्रवास

कारमध्ये पुढची सीट पूर्ण मागे घ्या, आधी पाठमोरे होऊन बसा, मग दोन्ही पाय आत फिरवा. सीटवर प्लास्टिकची पिशवी ठेवली तर फिरायला सोपं जातं, गाडी सुरू व्हायच्या आधी ती काढून टाका. रिक्षात पायांना जागा कमी असते, पहिल्या महिन्यात टाळलेली बरी. स्वतः गाडी चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, जोराच्या पेनकिलर बंद झाल्यावर आणि थांबलेल्या गाडीत झटकन ब्रेक दाबता येतोय हे बघून. स्कूटर त्याच्याही नंतर, कारण सिग्नलला तिचं वजन पायावर तोलावं लागतं, सर्जनने हो म्हटल्याशिवाय नाहीच. लांबच्या प्रवासात दर तासाला उतरून चाला, पावलं वरखाली करत राहा. विमानतळावर मेटल डिटेक्टर वाजू शकतो, आधीच सांगा.

दीड महिन्यानंतर पुढे

रोजची बहुतेक कामं तीन महिन्यांपर्यंत जमायला लागतात पण ताकद आणि सहजपणा वर्षभर वाढत राहतो, म्हणून व्यायाम तिसऱ्या महिन्यात सोडू नका, नेमकं तेव्हाच लोक सोडतात कारण दुखणं थांबलेलं असतं. चालणं, सायकल, पोहणं हे चांगलं, पोहणं मात्र जखम पूर्ण भरल्यावर आणि बेडकासारखे पाय मारायचे नाहीत. पळणं, उड्या, दोरीवरच्या उड्या नकोत. टेकडी चढायची असेल तर आधी हलका उतार, उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो म्हणून काठी न्या.

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, वज्रासन हा आपल्याकडे मोठा प्रश्न. चालायला साधारण ७० अंश पुरतात, खुर्चीतून उठायला ९० च्या थोडं वर, उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं आणि बहुतेक नव्या गुडघ्यांना ते झेपत नाही. तुमच्या इम्प्लांटला, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याला, काय चालेल ते सर्जनलाच विचारा. देवपूजा खुर्चीवर बसून करा, देव्हारा थोडा वर घ्या, गणपतीत आरतीला उभं राहा आणि जेवायला टेबलावर बसा, त्यात काही कमीपणा नाही. सूर्यनमस्कारात गुडघे जमिनीला टेकतात त्यामुळे ते आधीसारखे नकोत, खुर्चीवरची आसनं शिकवणारे शिक्षक मिळतात.

काही गोष्टी विचित्र वाटतात पण बहुतेक वेळा चालतात. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना टकटक आवाज, दुसऱ्या गुडघ्यापेक्षा हा गरम लागणं, संध्याकाळी थोडी सूज. काही महिने राहतं.

लगेच डॉक्टरांना फोन कधी

पोटरी अचानक सुजली, दुखतेय, लाल किंवा गरम आहे. जखमेतून पाणी किंवा पू येतोय, लाली पसरतेय, थंडी वाजून ताप आलाय. पडलात आणि त्यानंतर पाय टेकवत नाही. यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी, आणि थेट ऑपरेशन केलेल्या सर्जनला. जवळच्या दवाखान्यातून मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका, त्याने आतलं इन्फेक्शन झाकलं जातं आणि नंतर शोधणं अवघड होतं. छातीत दुखून दम लागला तर फोनाफोनी न करता सरळ १०८ ला बोलवा किंवा इमर्जन्सीत न्या. आणि पुढे कधीही दाताचं काम किंवा दुसरं ऑपरेशन निघालं तर गुडघा बदललाय हे त्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

एक वही करा, त्यात रोज फक्त चार गोष्टी लिहा, किती वाकला, टाचेखाली टॉवेल ठेवल्यावर गुडघ्यामागची पोकळी किती राहिली, किती मिनिटं चाललात आणि रात्री झोप कशी लागली. फॉलोअपला जाताना ती वही घेऊन जा, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि तिथे गेल्यावर आपल्याला काही आठवत नाही, वही समोर ठेवली की पुढच्या आठवड्यात काय वाढवायचं हे ते लगेच सांगू शकतात.